गाव सोडून गेलेले अकरा जण

चंद्रिका दुमाडाला राग येत नाही, असं झरीतले लोक म्हणायचे. मीही म्हणायचो. ती गावातल्या चार पाड्यांची आशा कार्यकर्ती. लसीला नको म्हणणाऱ्या बायांच्या दारात ती तीन-तीनदा जायची, शिव्या खायची आणि चौथ्यांदा तसंच हसत जायची. मी तेव्हा तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात औषधांच्या खिडकीवर होतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती चार किलोमीटर चालत यायची आणि खिडकीत कोपर टेकून यादी वाचायची. "प्रविणभाऊ, धोंडीची गोळी. सुकीची गोळी. रघ्याची दोन महिन्यांची द्या, तो मासेमारीच्या बोटीवर जायचाय. आणि माझ्या आयची."

तिची आई शुक्री म्हणजे त्या भागातली नावाजलेली धवलेरी. आमच्याकडे वारल्यांची लग्नं धवलेरी लावते. तिनं गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागलं असं कुणी मानत नाही, आणि ती गाणी दोन-दोन दिवस चालतात. कुठल्याही वहीत ती लिहिलेली नाहीत. शुक्रीला सगळी तोंडपाठ होती. साडेचार फुटांची बाई, पण बोलायला लागली की पलीकडच्या शेतातला माणूस मान वळवायचा. एकुलती एक मुलगी म्हणून तिनं जावयालाच, चिमणला, घरी ठेवून घेतलं होतं. चिमण उंबरगावच्या कारखान्यात जायचा. घरात राज्य शुक्रीचं.

तिला बीपी आहे हे चंद्रिकानंच शोधलं होतं. पाड्यांवरच्या जवळपास सगळ्यांचंच तिनं शोधलं. २०१४ साली मशिन हातात पडल्यापासून ती प्रत्येक म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधत सुटली आणि ज्याचा आकडा वर, त्याला हाताला धरून आमच्या खिडकीवर आणत गेली. गोळी रोज घ्यायची, बरं वाटलं तरी घ्यायची, हे लोकांच्या गळी उतरवायला तिला दीड वर्ष लागलं.

२०१५च्या दिवाळीनंतर तुषार सर आले. शहरातल्या एका खासगी कॉलेजात संशोधन करायचे, वय पस्तीसच्या आसपास. हिरव्या चहानं बीपी, साखर आणि पोटाचा घेर किती कमी होतो, हे त्यांना खेड्यातल्या माणसांवर तपासायचं होतं. चहाची पाकिटं एक कंपनी देणार होती. अर्ध्या लोकांनी हिरवा चहा प्यायचा, अर्ध्यांनी तशाच दिसणाऱ्या पुड्यांतला गवती चहा. सोळा आठवडे दिवसातून तीन कप. गवती चहा तर इथं प्रत्येकाच्या परसात उगवतो, त्यामुळे पुडीतून आलेला पाहून शुक्री खूप हसली होती.

माणूस गोड होता, हे मुद्दाम सांगतो. सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसायचा, नाचणीची भाकरी मागून खायचा, म्हाताऱ्यांना नमस्कार करायचा. वारली बोलणारं कुणीतरी त्याला हवं होतं, म्हणून त्यानं चंद्रिकाला बरोबर घेतलं. दर आठवड्याला आकडे लिहायचं काम तिच्याकडे.

अडचण एकच निघाली. बीपी आहे पण गोळी चालू नाही, अशीच माणसं त्याला हवी होती. आणि अशी माणसं चंद्रिकानं शिल्लकच ठेवली नव्हती. ऐंशी हवे होते, शेजारच्या रानशेत गावचे धरूनही पन्नास भरेनात. तेव्हा तो तिला म्हणाला, "चंद्रिकाताई, तीन आठवडे गोळी थांबवायला सांगा. शरीर मोकळं झालं की तेही यादीत बसतात. चहा आहेच की मग."

"डॉक्टरांना विचारू का, सर?"

"अहो, मी डॉक्टरच आहे ना?"

होताच तो डॉक्टर, पण अन्नशास्त्राचा. डॉक्टर दोन प्रकारचे असतात हे चंद्रिकाला ठाऊक नव्हतं. ती घरोघर गेली. ज्या तोंडानं गोळी घ्या म्हणून सांगितलं होतं, त्याच तोंडानं थांबवा म्हणून सांगितलं. एकतीस जणांनी थांबवली. सगळ्यात आधी शुक्रीनं, कारण लेकीनं सांगितलं होतं.

माझाही यात वाटा आहे. जानेवारीत तिची यादी निम्म्यावर आली. मी विचारलं, "एवढीच?" ती म्हणाली, "चायनं उतरंल, भाऊ. सर बोलले." मी शिकलेला माणूस. गोळी एकदम तोडली तर काय होऊ शकतं हे मला माहीत होतं. पण कपाटात गोळ्या उरल्या, दर महिन्याची ओढाताण टळली, म्हणून मी गप्प बसलो. पुढं दोन महिने गप्पच बसलो.

मार्चमध्ये, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत, शुक्री सकाळी टोपली घेऊन रानात गेली. नऊ वाजले तरी परतली नाही म्हणून चंद्रिका बघायला गेली. आई झाडाला टेकून बसलेली. टोपली अर्धी भरलेली. तोंड एका बाजूला ओघळलेलं, उजवा हात मांडीवर कुणी आणून ठेवल्यासारखा. चंद्रिकानं हाका मारल्या, तेव्हा शुक्रीच्या तोंडून एकच आवाज आला, "हा". तिला आधी तलासरीला नेलं, तिथून सिल्वासाला. वरचा आकडा दोनशे वीसच्या पुढं होता. अठरा दिवसांनी घरी आणली ती उजवं अंग गेलेलं आणि वाचा गेलेली. तेवढा एक "हा" उरला. हो म्हणायला हा, नाही म्हणायला हा, रडायलाही हा. डोक्यातली गाणी डोक्यातच राहिली. वैशाखात पाड्यावर दोन लग्नं होती. धवलेरी दुसऱ्या गावाहून आणावी लागली.

तुषार सर भेटायला आले. सफरचंदं घेऊन आले. चंद्रिकानं अंगणातच विचारलं, "सर, गोळी बंद केली म्हणून झालं का हे?"

"तसं नाही सांगता येत, ताई. वय झालं होतं. कुणालाही होतं."

तिनं तेही मानलं असतं. एप्रिलमध्ये रघ्या शेताच्या बांधावर बसल्या बसल्या गेला, तेव्हाही तिनं मनाला समजावलं. पण मेअखेरीस काम संपलं आणि पक्क्या कागदांना पान-क्रमांक घालायला त्यानं तिला बसवलं. सत्तेचाळीस क्रमांकावर तिला आईचं नाव दिसलं. पुढं लिहिलं होतं, 'स्थलांतर. गाव सोडून गेली.' तिनं सगळी पानं चाळली. गाव सोडून गेलेले अकरा जण होते. रघ्या होता. धोंडी, सुकी, बुधी होते. ज्यांचा आकडा चढला, ते सगळे कागदावर गाव सोडून गेले होते. जे राहिले होते त्यांचे आकडे तिनं लिहिलेले नव्हतेच, सगळे खाली ओढलेले.

तिनं पान पुढं धरलं. "सर, आय कुठं गेली?"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "शेवटपर्यंत न राहिलेल्यांचं काहीतरी कारण लिहावं लागतं, ताई. तुमच्याकडची माणसं जातातच ना वीटभट्टीवर, बोटीवर."

"ती माझ्या घरात पडलीय."

"माहीत आहे मला. पण एक विचार करा. गोळी थांबवा असं लोकांना सांगितलं कुणी? माझा एकही कागद तसा नाही." आणि मग हसून, "जाऊ द्या. पुढचं काम मोठं आहे. तुम्हालाच घेणार मी. जुनी पानं तेवढी जाळून टाका."

ती "होय, सर" म्हणाली. घरी आली आणि चुलीत जुनी वर्तमानपत्रं जाळली. स्वतःच्या अक्षरातली पानं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून भाताच्या कणगीत, तळाशी पुरली.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीवर आली. चेहरा दगडासारखा. "भाऊ, तीस जणांच्या गोळ्या द्या. आणि ऐका, त्या माणसाला मी सोडणार नाय."

आधी ती सगळ्यांच्या दारात गेली आणि मी चुकले म्हणून सांगत, समोर बसून गोळ्या चालू केल्या. रघ्याची बायको गंगी हिनं तिच्या अंगावर पाणी फेकलं. चंद्रिका तशीच ओल्या लुगड्यानं पुढच्या घरी गेली. आणि मग ती वाट बघत बसली.

अडीच वर्षं. मला वाटलं होतं राग निवेल. माणसाचा निवतो. तिचा मुरला. एकदा मला म्हणाली, "सकाळी भाकरी थापताना मी त्याला मारते. रोज. कधी कोयत्यानं, कधी नुसत्या हातांनी. मग भाकरी भाजते नि आयला भरवते." चिमण म्हणाला, पोलिसात जाऊ. ती म्हणाली, "पोलीस विचारतील, गोळी कुणी थांबवली? तो सुटंल. मी वाट बघते. तो परत येणार हाय. त्याला माझी गरज हाय."

दरम्यान तो फोन करायचा तेव्हा ही गोड बोलायची. २०१७ मध्ये त्याचा लेख छापून आला. तिनं तो माझ्याकडून मराठीत वाचून घेतला, ओळ न् ओळ. सोळा आठवड्यांत दाब सरासरी अठरा अंकांनी उतरला, साखर उतरली, कंबर दोन इंच कमी झाली. "अठरा?" ती म्हणाली आणि हसली. तिला असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते बघवलं नाही. काही महिन्यांनी कंपनीचा चहा दुकानात आला. हिरव्या डब्यावर वारली चित्रांतली पांढरी नाचणारी माणसं काढलेली. चंद्रिकानं एक डबा विकत घेतला आणि उघडला नाही. शुक्रीच्या उशाच्या फळीवर ठेवला. "विसरायला नको म्हणून," एवढंच म्हणाली.

नोव्हेंबर २०१८ मध्ये तो आला. आता पाचशे माणसांचं काम, डहाणू आणि तलासरी मिळून. पण कॉलेजच्या समितीनं अट घातली होती, की त्यांच्यातलं कुणीतरी येऊन पहिल्या वेळची माणसं स्वतः बघणार. डॉ. निलम नावाच्या हृदयाच्या डॉक्टर येणार होत्या. तुषारनं फोन केला, "ताई, दहा चांगली माणसं तयार ठेवा. मॅडमना वारली येत नाही, बोलायचं तुम्हीच."

"ठेवते की, सर."

आदल्या दिवशी तिनं मला रजा टाकायला सांगितली. कारण सांगितलं नाही. मी टाकली.

मॅडम पन्नाशी उलटलेल्या, बारीक, पायात बूट घालून आलेल्या. गाडी झरीच्याच मुकेशची. पुढं मुकेश आणि मी, मागं ते तिघं. पहिल्या पाड्यावर तुषारनं सांगितलेल्या घराच्या अलीकडेच चंद्रिकानं गाडी थांबवली. अंगणात एक म्हातारा बांबूच्या कामट्या तासत बसला होता.

"मॅडम, तुमच्या यादीत तेवीस नंबर बघा," चंद्रिका म्हणाली.

त्यांनी पानं उलटली. "धोंडी. स्थलांतर."

"हाच धोंडी."

तुषार पटकन म्हणाला, "परत आले असतील, मॅडम. हंगामी जातात ही माणसं."

मॅडमनी म्हाताऱ्यालाच विचारलं, "बाबा, तुम्ही गाव कधी सोडलं होतं?"

धोंडी कामटी खाली ठेवून म्हणाला, "मी? माझा गुडघा बघा. दहा वर्षांत मी तलासरीच्या बाजारात पण नाय गेलो." मग आपणहून म्हणाला, "चाय पीत होतो तवा डोकं लय दुखायचं. बाईनं मशिन लावलं तर आकडा मोठा. मग सर बोलले, तू नको येऊ आता."

पुढचं घर सुकीचं. एकोणतीस नंबर, स्थलांतर. सुकी दारात उभी. त्यानंतर बुधी. तुषार इंग्रजीत मॅडमना काहीतरी सांगायला लागला. मॅडम म्हणाल्या, "मराठीत बोला. यांनाही कळू दे."

चौथं घर रघ्याचं. गंगी अंगण झाडत होती. चंद्रिकानं तिला विचारलं, "रघ्या कुठं गेला, मॅडमना सांग." गंगीनं झाडू तसाच उचलून नाल्यापलीकडं दाखवला. तिथं पाड्यावरची मेलेली माणसं जाळतात. मॅडम बराच वेळ तिकडं बघत उभ्या राहिल्या.

"मॅडम, आपल्याला उशीर होतोय," तुषार म्हणाला. "मुकेश, गाडी वळव."

मुकेशनं गाडी बंद केली आणि किल्ली खिशात टाकली.

"बसा, सर," चंद्रिका म्हणाली. "अजून सात हायत." तिचा आवाज चढला नव्हता. लसीसाठी बायांना समजावते तसाच आवाज होता. पण मी आरशातून तिचे डोळे बघितले. ती मॅडमकडे बघतच नव्हती. प्रत्येक दाराशी ती फक्त त्याच्याकडे बघत होती. एकेक दार उघडताना त्याचं तोंड कसं होतं, ते बघायला तिनं अडीच वर्षं काढली होती. आणि घाई नको म्हणून ती मुद्दाम लांबच्या वाटेनं नेत होती.

अकरावं घर तिचं. शुक्री खाटेवर होती. मॅडमनी तिचा हात हातात घेतला, नाव विचारलं. शुक्री म्हणाली, "हा." मॅडमनी स्वतः पट्टा बांधून दाब बघितला. चंद्रिका आत गेली आणि कणगीतली पिशवी घेऊन आली. पानांना भाताचा कोंडा लागला होता. मॅडम खाली बसून दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागल्या. बोट आकड्यावरून आकड्यावर सरकत होतं.

तेव्हा तुषार ओरडला. "हिचंच अक्षर आहे ते! गोळ्या बंद करायला हिनंच सांगितलं लोकांना. विचारा, विचारा हिला!"

"होय," चंद्रिका म्हणाली. "मीच सांगितलं. मॅडम, तक्रार लिहा. पहिलं नाव माझं लिहा. त्याच्या खाली याचं."

मला वाटतं, ती स्वतःलाही सोडणार नाही, हे तुषारच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. तिचं स्वतःचं भय हीच त्याची ढाल होती, आणि ती ढाल तिनं स्वतःच्या हातानं फेकून दिली.

चौकशी सात महिने चालली. लेख मागं घेतला गेला, तुषारची नोकरी गेली, मोठं काम रद्द झालं. कंपनीनं एक शब्द न बोलता डब्यावरची चित्रं बदलली. चंद्रिकालाही आशाच्या कामावरून काढलं. तिच्या जागी शितल नावाची मुलगी आली. पण पाड्यावरची दारं शितलला उघडेनात, म्हणून ती चंद्रिकालाच बरोबर घेऊन फिरायला लागली. मीही समितीपुढं दोन महिने गप्प बसल्याचं सांगितलं. माझी बदली झाली. तेवढं व्हायलाच हवं होतं.

निलम मॅडमनी चंद्रिकाच्या पानांवरून नव्यानं गणित मांडलं आणि तिला मराठीत पत्र लिहिलं. त्यांनी लिहिलं होतं, की ज्यांची गोळी आधीपासूनच नव्हती आणि जे हिरवा चहा पीत राहिले, त्यांचा दाब दोन-अडीच अंकांनी उतरलेला दिसतो. साखर आणि कंबर जिथल्या तिथं. माणसं थोडी आहेत, त्यामुळे तेही खात्रीनं सांगता येणार नाही. इतर ठिकाणच्या अभ्यासांतही थोडाच फरक दिसतो. चहा वाईट नाही, पण गोळीची जागा तो घेऊ शकत नाही. तुमचे आकडे मात्र खरे होते. पत्र वाचून झाल्यावर चंद्रिकानं ते पाकिटात घातलं. मग म्हणाली, "अडीच. अडीचच लिहिलं असतं त्यानं, तर काय बिघडलं असतं?"

पावसाळा सरता सरता, २०१९च्या सप्टेंबरात, तुषार एकटाच शेअर रिक्षानं झरीत आला. दुपारची वेळ. चिमण कामावर. हातात एक टाइप केलेला कागद होता, 'माझा गैरसमज झाला होता' असं चंद्रिकाच्या नावानं लिहिलेला. तिच्या सहीनं त्याला कुठंतरी काम मिळणार होतं. हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं.

ती त्याला म्हणाली, "कागद ठेवा तिथं. आधी आयला उचलायचीय. पाय धरा."

शुक्रीचं अंथरूण ओलं झालं होतं. त्यानं पाय धरले. चंद्रिकानं काखेत हात घालून आईला वर घेतलं. "धरून ठेवा," म्हणाली, आणि सावकाश गोधडी काढली, जमीन पुसली, दुसरी गोधडी घातली, लुगडं बदललं. एरवी ती हे काम पाच मिनिटांत करायची. त्या दिवशी तिनं अर्धा तास लावला. शुक्री त्याच्याकडे बघून एकदा म्हणाली, "हा." तेव्हा तो रडायला लागला. म्हणाला, "मला माफ करा, ताई."

"नाय," ती म्हणाली. कागद घडी करून त्याच्या खिशात घातला आणि दार दाखवलं.

मला सांगताना ती म्हणाली, "तो रडला तवा मला बरं वाटलं, भाऊ. खोटं कशाला बोलू? आंघोळ केल्यावर वाटतं तसं."

डिसेंबरात शुक्री गेली. मी नव्या गावाहून आलो होतो. सगळं उरकल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. मी विचारलं, "आता तरी संपलं ना, चंद्रिका?"

"तो बोईसरला शिकवणी घेतो," ती म्हणाली. "पोरांना विज्ञान शिकवतो. पत्ता माझ्याकडं हाय."

"कशाला ठेवलाय?"

ती उत्तर द्यायच्या आधी शितल आली. खालच्या पाड्यावर चिमी म्हातारी गोळी घ्यायला तयार नव्हती. चंद्रिकानं पदर खोचला, पायात चपला घातल्या आणि निघाली.